काका, विहिरी जागेवर आल्या

आदरणीय काकांस,
सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या वाडीच्या ग्रामसभेत विहिरींचा नकाशा भिंतीवर लागला. एकेचाळीस विहिरी. म्हातारी माणसं जवळ जाऊन आपापली विहीर बोटानं दाखवत होती आणि मला सारखी तुमची आठवण येत होती. त्या दिवशी आभार मानायचे राहून गेले, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते.

विहिरींच्या जागा नोंदायला महिनाभर मी उपग्रहांवरून ठिकाण सांगणारा जीपीएस रिसीव्हर घेऊन माण तालुक्याच्या उन्हात हिंडत होते. दिवा लुकलुकायचा, पण हातातल्या जुन्या पीडीएवरच्या, म्हणजे तळहाताएवढ्या संगणकावरच्या, नकाशाला काही केल्या जीपीएस सापडायचा नाही. दुकानदार म्हणाला, हा बाद झालाय, नवा घ्या. तुम्ही मात्र साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं दहिवडीला आलात. आधी नकाशाचं सॉफ्टवेअर बंद करायला लावलंत आणि रिसीव्हर काय पाठवतोय ते टर्मिनलवर, म्हणजे आलेली अक्षरं जशीच्या तशी दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, नुसतं वाचायला घेतलंत. सेकंदाला 9600 बिट या वेगावर सगळी अगम्य अक्षरं. 4800 केल्याबरोबर ‘डॉलर जीपीजीजीए’नं सुरू होणाऱ्या, ठिकाण सांगणाऱ्या स्वच्छ ओळी उतरायला लागल्या! रिसीव्हर ज्या ठरावीक पद्धतीनं माहिती पाठवतो त्या एनएमईए 0183 चा ठरलेला वेगच 4800, हे मला तेव्हा कळलं. रिसीव्हर जोडायचा पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो, म्हणून टर्मिनल बंद करूनच नकाशा उघडायचा, हेही तुम्हीच सांगितलंत.

तिथंच तुम्ही परतला असतात तरी मला पुष्कळ होतं. पण तुम्ही म्हणालात, चल, पहिली विहीर बघू. विहिरीच्या कठड्याला हात लावून उभे राहिलो, तर नकाशावरचं आपल्या जागेचं टिंब वायव्येला, ओढ्यापलीकडे. शे-सव्वाशे मीटरचा फरक. मी म्हणाले, चालतंय की काका, नकाशावर अडीच मिलिमीटर तर आहे. तुम्ही शांतपणे म्हणालात, “पोरी, विहीर कुणाच्या रानात आहे यावरून भावकी तुटते.”

मग लिंबाखाली बसून तुम्ही समजावलंत. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी 1:50,000 ची शीट 1830 च्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर बेतलेली, आणि उपग्रह बोलतात डब्ल्यूजीएस 84 या नव्या मापात. आकडे दोन्हीकडे अक्षांश-रेखांशाचेच, पण मोजायचा पाया वेगळा. मी पीडीएवर शीट चढवताना डेटम, म्हणजे हाच पाया, डब्ल्यूजीएस 84 च ठेवला होता. तो बदललात आणि टिंब ओढा ओलांडून कठड्याशी आलं. ते बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, काका. तोवर नोंदलेल्या नऊ विहिरी मी हाती काढलेल्या आकड्यांवरून मांडल्या होत्या, त्या सगळ्या पुन्हा फिरून घेतल्या.

आता शेजारच्या गावानं रिसीव्हर मागितला आहे. द्यायच्या आधी पीडीएच्या मागं चिठ्ठी डकवली आहे: ‘वेग 4800. जुनी शीट असेल तर एव्हरेस्ट.’

पुढच्या खेपेला डबा आणू नका. तुम्ही आमच्याकडे न जेवता गेलात, हे आईच्या मनाला अजून लागून राहिलं आहे.

तुमची,
वाडीतली विहिरी मोजणारी मुलगी