नवरात्राआधीचं आवाहन: फिट येणाऱ्या 40 घरांसाठी वह्या, डब्या आणि सोबत

नवरात्र तोंडावर आलं आहे. ज्या घरात कुणाला फिट (आकडी, फेफरं, मिरगी, काहीही म्हणा) येते, त्या घराला हे नऊ दिवस जपून काढावे लागतात. गरब्यामुळे आणि जागरणामुळे झोप तुटते. उपवासात गोळी चालत नाही अशी समजूत असते, म्हणून डोस चुकतो. गावाला जाताना औषधाची पट्टी फडताळात राहते. फिट चेतवणाऱ्या गोष्टींत चुकलेली गोळी आणि अपुरी झोप या दोन सर्वांत पुढे आहेत, आणि सणात दोन्ही एकदम गाठतात. ज्यांचा उपवास आहे त्यांनीही गोळी वेळेवर, पाण्याबरोबर घ्यावी. उपवास झेपेल का, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

तालुक्यातल्या आमच्या मदत गटाकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या फाइलीत ‘कारण आढळले नाही’ असंच लिहिलेलं असतं. मेंदूचं छायाचित्र (एमआरआय) स्वच्छ, मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख (ईईजी) स्वच्छ, तरी फिट येतातच. यात तपासणी चुकली असं नाही. जगभरात अपस्माराच्या (पुन्हा पुन्हा फिट येण्याच्या आजाराच्या) जवळपास निम्म्या रुग्णांत मूळ कारण सापडत नाही. साधा ईईजी अर्ध्या तासाच्या आसपास चालतो, आणि तेवढ्या वेळात मेंदू शांत असला तर कागदावर काहीच उमटत नाही. अशा वेळी मूळ कारण हाती नसलं तरी फिटचं निमित्त शोधता येतं. तो शोध घरातच लागतो, आणि त्यासाठी लागते रोज लिहिलेली वही.

‘रोज’ यावर आमचा भर आहे. बहुतेक घरांत फक्त फिट आलेला दिवस लिहितात आणि तिथेच घोळ होतो. दही खाल्लं त्या दिवशी फिट आली, म्हणून दही बंद. पण दही खाऊनही काही झालं नाही असे दिवस कुणी मोजलेलेच नसतात. अमावास्येचंही तेच. म्हणून आमच्या वहीत रोजची एक ओळ आहे: किती वाजता झोप लागली, किती वाजता जाग आली, सकाळची आणि रात्रीची गोळी किती वाजता, ताप, उलटी-जुलाब, दारू, चुकलेलं जेवण, नवं औषध. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस धरायचा. काही जणींना पाळीच्या तीन दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंत फिट जास्त येतात, पण हे किमान तीन पाळ्या लिहिल्याशिवाय कळत नाही. दारूच्या रकान्यात दारू सोडल्याचा दिवसही लिहा, कारण रोज पिणाऱ्याने ती एकदम तोडली तरी फिट येते.

नव्या औषधाच्या रकान्यात दुखण्यावरचं ट्रामाडॉल, जुलाबावर किंवा लघवीच्या जंतुसंसर्गावर दिलेलं सिप्रोफ्लॉक्सासिन, अगदी सर्दीवर चोळलेलं कापूर-निलगिरीचं तेलसुद्धा लिहायचं. लहान मुलांच्या हाती कापराची वडी लागू देऊ नका. ती पोटात गेली तर अपस्मार नसलेल्या मुलालाही झटके येऊ शकतात.

आणखी एक गफलत नेहमी होते. ‘आधी जळका वास आला, मग फिट आली’ असं सांगतात आणि घरभर जळतंय काय ते शोधत बसतात. अचानक येणारा वास, पोटातून वर चढणारी कळ, विनाकारण वाटलेली भीती ही बहुधा त्याच फिटची सुरुवात असते. ती लिहा, पण ‘फिट कशी सुरू झाली’ या रकान्यात. मंडपातल्या लुकलुकत्या दिव्यांवरही गरजेपेक्षा जास्त खापर फुटतं. त्याने फिट येणारे शंभरात तीनच्या आसपास असतात; बाकीच्यांना बहुतेक वेळा नडतं ते रात्री दोनपर्यंतचं जागरण. ज्यांना दिव्यांचा त्रास आहे त्यांचं नुसते डोळे मिटून भागत नाही. त्यांनी एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावं.

आता आम्हाला काय हवंय ते सांगतो. 40 घरांसाठी 200 पानी आखीव वह्या, सेकंदकाटा स्पष्ट दिसणारी 40 भिंतीवरची घड्याळं आणि आठवड्याच्या गोळ्या भरायच्या 14 कप्प्यांच्या 40 डब्या (सात दिवस, सकाळ-रात्र). घड्याळ कशाला, असं विचारतात. पाहणाऱ्याला एक मिनिटाची फिट दहा मिनिटांची वाटते, आणि निर्णय तर मिनिटांवरच घ्यायचा असतो. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं झाली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, आयुष्यातली पहिलीच असली, पाण्यात आली किंवा बाई गरोदर असली, तर थेट 108 ला फोन करा. तोवर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गळ्याभोवतीचं सैल करा. हातपाय दाबून धरू नका. दातखीळ बसली म्हणून चमचा घालू नका, त्याने दात तुटतात. चप्पल-कांदा हुंगवण्यात वेळ जातो, दुसरं काही होत नाही. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजू नका. ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं.

घरात दोन माणसं असतील तर एकाने सांभाळावं, दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावं. चेहरा, डोळे उघडे की मिटलेले, मान कुठल्या बाजूला वळली, आधी कुठला हात आखडला, हे सगळं दिसलं पाहिजे. घेरी, अपस्मार आणि मानसिक ताणातून येणारे झटके वेगळे ओळखायला डॉक्टरांना याचा मोठा उपयोग होतो. ताणाचे झटके म्हणजे सोंग नव्हे. त्यांचा उपचार वेगळा असतो, इतकंच. हे चित्रण फक्त डॉक्टरांना दाखवायचं. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणाऱ्यांचा आम्हाला फार संताप येतो.

पैशांची खरी गरज औषधांसाठी आहे, पण कृपया गोळ्या आणून देऊ नका. घरात उरलेल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, मुदतीची तारीख कापलेल्या पट्ट्या आमच्या कामाच्या नाहीत. काहींना नुसता ब्रँड बदलला तरी फिट येते, आणि साठा संपून औषध एकदम तुटलं तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेततं. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, एकाच दुकानातून, त्याच कंपनीचं तीन महिन्यांचं औषध आम्ही एकदम घेतो. देणगी त्या खात्यात जाते.

सोबतीला माणसंही हवीत. काही रुग्णांना जागरणाचा ईईजी सांगतात: आदल्या रात्री डॉक्टर सांगतील तितकं जागायचं आणि सकाळी तपासणीला जायचं. अशा रुग्णाला एकटं जागवणं किंवा एकटं एसटीत बसवणं धोक्याचं असतं, कारण त्या रात्री फिट येण्याची शक्यता वाढलेली असते. रात्रभर सोबत बसेल आणि सकाळी स्वतः गाडी न चालवता बरोबर येईल असा धडधाकट माणूस लागतो. त्याने एवढं बघायचं: रुग्णाचे केस शाम्पूने धुतलेले असावेत, तेलाचा थेंबही नको, नाहीतर तारा चिकटत नाहीत. नाश्ता झालेला असावा. नेहमीची गोळी डॉक्टरांनी थांबवायला सांगितलेली नसेल तर घेतलेली असावी.

सुतार आणि गवंडी मित्रांकडे वेगळी मागणी आहे. न्हाणीघराची आतली कडी काढून बाहेर उघडणारं दार बसवून द्या. आत पडलेल्या माणसाच्या अंगाने आत उघडणारं दार अडतं. उघड्या चुलीभोवती गुडघाभर कठडा बांधून द्या. सामान आम्ही आणू, एक दिवसाची मजुरी तुम्ही सोडा.

वस्तू आणि धनादेश सोमवारी, बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातल्या आमच्या टेबलावर द्यावेत. रोख रक्कम घरोघर फिरून आम्ही गोळा करत नाही. तसं कुणी मागितलं तर देऊ नका. पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. जमाखर्च दर तीन महिन्यांनी केंद्राच्या फलकावर लागतो. त्यात रुग्णांची नावं नसतात.