कांद्याची वेळ आली की खुला व्यापार कुठे जातो?

मा. श्री. पीयूषजी गोयल,
केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री

स.न.वि.वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा सरकारने तो अन्याय असल्याचं ठणकावलं. योग्यच केलं. पण ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं, ते दिल्लीतूनच. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याखाली माल बाहेर पाठवता येईना, आणि ८ डिसेंबरपासून सरळ बंदी.

डिसेंबरात बाजारात लाल कांदा असतो. उन्हाळ कांद्यासारखा तो साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही. काढला की विकायचा, नाहीतर मोड येतात. म्हणजे ज्या मालाला थांबता येत नाही, नेमका तोच कोंडला. लासलगावचा भाव पंधरवड्यात जवळजवळ निम्म्यावर आला. वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार ही दोन्ही खाती तेव्हा आपल्याकडेच होती, त्यामुळे कोणाच्या फायलीवर काय लिहिलं होतं हे आपल्याला विचारायला हरकत नसावी. पुढे एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला वाट मिळाली. आमच्या लाल कांद्याने काय घोडं मारलं होतं? बंदी उठली ४ मेला, नाशिक-दिंडोरीचं लोकसभेचं मतदान २० मेला. शेतकरी तारखा विसरत नाही.

याहून मासलेवाईक प्रकार २०२० चा. शेतमालाचा बाजार मोकळा करतो म्हणून अत्यावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती लोकसभेने १५ सप्टेंबरला मंजूर केली. कांद्याच्या साठ्यावरची बंधनं सैल करणं त्यातच होतं. आणि कांद्याच्या निर्यातबंदीची अधिसूचना निघाली होती आदल्या दिवशी, १४ तारखेला!

बरं, सरकारचं धोरण संरक्षणाचं आहे म्हणावं, तर तेही आमच्या वाट्याला येत नाही. कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून काढलं आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. विदर्भ-मराठवाड्यातली वेचणी त्याच महिन्यांत असते. गिरण्यांना कापूस स्वस्त हवा म्हणून आयातीचं दार उघडं, शहरांना कांदा स्वस्त हवा म्हणून निर्यातीचं बंद. दोन्हीकडे पडतो तो शेतमालाचाच भाव. शहरातल्या घराला कांदा परवडला पाहिजे, यावर वाद नाही. पण त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, आमच्या विक्रीच्या पट्टीतून नव्हे.

१ एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्क शून्य आहे, हे मान्य. पण तुटलेलं गिऱ्हाईक एका अधिसूचनेने परत येत नाही. २०१९ च्या कांदा निर्यातबंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत हसत हसत म्हणाल्या होत्या, की आधी थोडी कल्पना दिली असती तर बरं झालं असतं, मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. तेव्हा सभागृह हसलं. बांगलादेश तेव्हा आपलं मोठं गिऱ्हाईक आणि त्यालाही बातमी आमच्याबरोबरच कळली.

एवढंच करा: निर्यातीवर बंधन घालायचंच असेल, तर ते रोपं टाकण्याआधी जाहीर करा. शेतात उभ्या असलेल्या आणि चाळीत भरलेल्या मालाला ते लागू करू नका. परदेशी पाहुण्यांना करार करताना जी खात्री लेखी देता, तशी ही आम्हालाही लेखी द्या.

कळावे,
निफाड तालुक्यातील एक कांदा उत्पादक