यादीतल्या वस्तू खोडणाऱ्या मावशीला

प्रिय मावशी,

समोर आभार मानले की तू लगेच विषय बदलतेस, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. शिवाय घरी कॉफी करायला नव्यानं लागलेली माणसं मला सारखी भेटतात आणि त्यांचे प्रश्न तेच असतात जे मी तुझ्याकडे घेऊन आले होते. तुझी उत्तरं त्यांच्याही कामी येतील.

सल्ला द्यायला माणसं कमी नव्हती. कॉफीसाठी काय घ्यावं असं ज्याला विचारावं तो माझ्या खरेदीच्या यादीत एका वस्तूची भर घालायचा. एस्प्रेसो मशीन, दूध फेसाळायची कांडी, पूड दाबायचा टॅम्पर, ती आधी सारखी करायच्या सुया, कागदी फिल्टर ठेवायचे निरनिराळ्या आकारांचे ड्रिपर. खोटं कुणीच बोलत नव्हतं; ज्याच्या त्याच्या ओट्यावर ती वस्तू उपयोगी पडत असणार. तू मात्र यादी बाजूला सारलीस आणि मलाच विचारत बसलीस. काळी पितेस की दुधाची? एका वेळी किती कप लागतात? उठल्यावर हातात किती वेळ असतो, आणि भांडी घासायचा कंटाळा किती आहे? शेवटच्या प्रश्नाला मी हसले होते. आता मला तोच सगळ्यांत कामाचा वाटतो. धुवायला किचकट असलेलं उपकरण हळूहळू कपाटात मागे सरकतं, मग त्यातली कॉफी कितीही छान होत असो.

माझी उत्तरं अशी होती: बहुतेक वेळा काळी, एक किंवा दोन कप, वेळ बेताचा, कंटाळा भरपूर. त्यावर तू निम्मी यादी खोडलीस आणि म्हणालीस, पैशातला मोठा वाटा ग्राइंडरला दे. कॉफी ज्यात तयार होते ते भांडं स्वस्त आणि बिया दळायचं यंत्र महाग, हा हिशेब पचायला मला जरा वेळ लागला. पण तू नुसता हुकूम सोडला नाहीस, कारण सांगितलंस.

पात्यांच्या ग्राइंडरमध्ये बी दळली जात नाही, तिचे तुकडे उडतात. पात्यासमोर सारखी आली तिचं पीठ होतं, कडेला राहिली तिची भरड. मग एकाच कपात दोन कॉफ्या तयार होतात: पिठातून पाणी नको तितकं ओढून घेतं आणि कडवटपणा उतरतो, भरडीतून पुरेसं काही निघत नाही आणि ती आंबट, पाणचट राहते. भाजलेल्या बीच्या वजनातला साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळा कपात यावा असं नसतं. अर्नेस्ट लॉकहार्ट या अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात जो प्रसिद्ध आलेख मांडला, त्यात चांगल्या कॉफीसाठी १८ ते २२ टक्के हा पट्टा धरला आहे. दळण एकसारखं नसेल तर काही कण या पट्ट्याच्या खाली राहतात, काही वर जातात, आणि भांडं कितीही भारी असलं तरी त्याला ते निस्तरता येत नाही.

बर ग्राइंडरचं काम जात्यासारखं. दोन दातेरी भाग, मध्ये ठरावीक फट. त्या फटीतून जाईल एवढा बारीक झाल्याशिवाय कण खाली पडत नाही. फट कमीजास्त केली की दळण बारीक किंवा जाडसर. तू मला हातानं फिरवायचा घ्यायला लावलास, त्यामागचं गणितही सरळ होतं. मोटर नाही, तिचे पैसे नाहीत, त्यामुळे तेवढ्याच खर्चात आतले बर जास्त चांगले मिळतात. एका कपाच्या पंधरा ग्रॅम बिया दळायला मिनिटभर लागतं. ज्यांच्या घरी एकदम चार-पाच कप होतात त्यांनी मात्र माझं ऐकू नये, विजेवरचा घ्यावा. फिरवून फिरवून खांदा दुखला की कॉफीवरचं प्रेम आटतं.

आणखी एक गोष्ट तू सांगितलीस, ती सहसा कुणी सांगत नाही. ग्राइंडर लगेच परवडत नसेल तर थांब, पण तोवर पात्यांचा घेऊन ठेवू नकोस. बिया भाजणाऱ्याकडून आपल्या पद्धतीला साजेशी दळून घे, मात्र थोडी थोडी. दळल्यावर बीचा कितीतरी जास्त भाग हवेला उघडा पडतो, त्यामुळे पुडीचा वास बियांच्या मानानं फार लवकर उडतो. थोडी आणून लवकर संपवली की भागतं.

भांड्याच्या बाबतीत तू काही विकत घेऊच दिलं नाहीस. स्वतःचा जुना फ्रेंच प्रेस हातात ठेवलास. जाडसर पूड, वर गरम पाणी, चार मिनिटं थांबायचं, जाळी खाली दाबायची. पाणी ओतायचं कसब लागत नाही, आणि म्हणूनच दळण बदललं की चव कशी बदलते ते त्यात स्वच्छ कळतं. महिनोन्‌महिने मी त्यावरच शिकले. पुढे मला हलकी, स्वच्छ कॉफी जास्त आवडते हे ध्यानात आलं तेव्हा तू कागदाच्या फिल्टरकडे वळवलंस.

जाळी आणि कागद यांतला फरक मला आधी फक्त सोयीचा वाटायचा. खरं तर तो चवीचाही आहे. धातूच्या जाळीतून तेल आणि बारीक गाळ खाली येतो, कॉफी जिभेला दाट लागते. कागद हे दोन्ही अडवतो. त्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो, तो रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं, कोलेस्टेरॉल वाढवतो आणि कागदात तो बराचसा अडकतो. ज्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांभाळायला सांगितलंय आणि जे दिवसाला तीन-चार कप पितात, त्यांनी उपकरण निवडताना हेही धरावं. कागदाची युक्ती काढली ती जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ यांनी, १९०८ साली. पितळेच्या भांड्याला तळाशी भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला. आजचा ड्रिपर याहून फारसा गुंतागुंतीचा नाही, म्हणून त्यावर फार पैसे घालवू नयेत असं माझं मत. प्लास्टिकचा ड्रिपर दिसायला साधा असतो, पण काच किंवा चिनी मातीइतकी उष्णता तो शोषून घेत नाही. नवख्याला तोच बरा.

ज्यांना धुण्याचा माझ्याइतकाच कंटाळा आहे त्यांच्यासाठी एरोप्रेसचं नाव घेतेच; नळीत पूड आणि पाणी घालून हातानं दाबायचं हे उपकरण. ॲलन ॲडलर यांनी आधी हवेत फेकायच्या खेळातल्या चकत्या शोधून काढल्या होत्या. त्यांनी तो २००५ साली बाजारात आणला. नळीतली पूड दाबली की चकतीसारखी बाहेर पडते, नळी विसळली की काम संपलं. एका वेळी एकच कप होतो, हीच त्याची मर्यादा.

आता एस्प्रेसो. माझ्या यादीत ते मशीन पहिलं होतं आणि तू ते सगळ्यांत आधी खोडलंस. काळी, पातळ कॉफी पिणाऱ्या बाईला ते कशाला, एवढं एकच कारण पुरेसं होतं. तरी तू पुढचंही सांगितलंस. एस्प्रेसोत साधारण ९ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट, दाबानं पाणी पुडीतून जातं. १८ ग्रॅम पूड घेतली तर २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरली पाहिजे. दळण केसभर इकडेतिकडे झालं की हे गणित कोलमडतं. म्हणजे अगदी बारीक फरकानं जुळवता येणारा ग्राइंडर आधी हवा, आणि बियांची प्रत्येक नवी पिशवी उघडली की दोन-चार कप मोरीत ओतायची तयारी हवी. स्वस्त मशीनबरोबर पूड भरायची दुहेरी तळाची बास्केट येते. तिला शेवटी एकच बारीक भोक असतं, दाब त्या भोकाशी तयार होतो, त्यामुळे दळण कसंही असलं तरी वर फेस दिसतो. फेस दिसला म्हणजे एस्प्रेसो जमला असं नव्हे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या १५ बारचंही तसंच: पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो याचा तो आकडा असतो. पुडीवर ९च्या आसपास हवा, १५ असल्यानं कॉफी चांगली होत नाही. एवढी एक गोष्ट कळली असती तर कितीतरी जणांची खरेदी वेगळी झाली असती.

दुधाची कॉफी हवी असणाऱ्यांना तू मोका पॉट सांगतेस, आणि ते मला पटतं. अल्फोन्सो बियालेट्टी यांचं हे आचेवर ठेवायचं १९३३ सालचं भांडं; खालचं पाणी वाफेच्या दाबानं पुडीतून वर चढतं. त्यात दाब जेमतेम दीड बारच्या आसपास असतो, म्हणजे तो एस्प्रेसो नाही, पण दुधात हरवणार नाही इतकी कडक कॉफी त्यातून येते. खालच्या भांड्यात पाणी वाफेच्या झडपेच्या खालीच ठेवायचं, पूड दाबून बसवायची नाही, आणि फुरफुर सुरू झाली की लगेच आचेवरून उतरवायचं. शेवटची फुरफुर पुरी होऊ दिली की कॉफी करपट लागते.

वजनकाट्यावरून आपला वाद झाला होता, आठवतंय ना? चमचा असताना काटा कशाला, असं माझं म्हणणं. तू दोन वेगळ्या बियांचा एकेक सपाट चमचा तोलून दाखवलास. गडद भाजलेली बी फुगलेली आणि हलकी असते, त्यामुळे तोच चमचा वजनाला कमी भरतो. तिथंच वाद संपला. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो. एक भाग कॉफीला सोळा भाग पाणी धरून सुरुवात करायची, म्हणजे १५ ग्रॅमला २४० ग्रॅम. आंबट लागली तर दळण बारीक करायचं, कडू लागली तर जाडसर. चव ठीक पण पातळ वाटली तर पूड वाढवायची. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काटा नसेल तर काय बदललं हेच कळत नाही, म्हणून माझ्या लेखी ग्राइंडरनंतर लगेच त्याचा नंबर.

केटलबद्दल मात्र माझं मत तुझ्याहून वेगळं झालंय. कुठलंही भांडं चालतं, असं तू म्हणतेस. फ्रेंच प्रेस, एरोप्रेस, मोका यांना चालतं, खरं आहे. पण शंकूच्या आकाराच्या ड्रिपरवर पाणी कुठं आणि किती वेगानं पडतं यावरच सगळं ठरतं, आणि रुंद तोंडाच्या भांड्यातून धार हातात राहत नाही. बारीक, वाकड्या नळीची केटल मी घेतली आणि मला ती चैन वाटत नाही. तापमान दाखवणारा महागडा प्रकार घेतला नाही. हलक्या भाजलेल्या बियांना उकळी येताच पाणी ओतते, गडद असतील तर थोडं थांबून. तू माझी केटल हातात घेऊन ओतून बघ, मग बोलू.

उरले ते पैसे तू बियांसाठी राखून ठेवायला सांगितलेस. पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्या, एका महिन्यात संपतील एवढ्याच. यावर लिहिण्यासारखं विशेष नाही, चव घेतली की समजतंच.

तुझा फ्रेंच प्रेस आता परत करायची वेळ झाली. जाळीचे सगळे थर सुटे करून घासले आहेत, कारण आत अडकलेलं जुनं तेल खवट होतं आणि पुढच्या प्रत्येक कपात उतरतं, हे तूच बजावलं होतंस. रविवारी घेऊन येते. ग्राइंडरही सोबत आणते. ब्रशनं साफ करायला तो उघडला आणि पुन्हा जोडल्यापासून फट ठरवायला मी मोजत असलेले आधीचे क्लिक जुळत नाहीत. बर एकमेकांना टेकतात तिथं शून्य धरून मोजायचं, एवढं ठाऊक आहे, पण नुसतं टेकणं म्हणजे शून्य की हँडल पूर्ण अडतं ते शून्य, हे एकदा तुझ्या हातानं करून दाखव.

तुझी,
भाची