कंबोईला या

बडोदे

चि. सलील यास अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात मुलांना समुद्र दाखवायचा म्हणून गोव्याची तिकिटं बघतोयस, असं परवा फोनवर म्हणालास. काढायच्या आधी माझं ऐक. गर्दी नसलेला समुद्र हवा असेल तर इकडे या. घरून सकाळी निघून पादरा, जंबुसर करत कावी-कंबोईला दोनेक तासांत पोचतो आपण.

वाळूचे किल्ले तिथे होणार नाहीत, हे मुलांना आधीच सांग. मही तिथेच खंबायतच्या आखाताला मिळते. साबरमती, नर्मदा, तापी यांचा गाळही याच आखातात येतो. त्यामुळे पाणी मातकट आणि किनाऱ्याला चिखल. पहिल्यांदा बघणाऱ्याचा जरा हिरमोडच होतो. पण मला हा समुद्र फार आवडतो, कारण तो येताना दिसतो. ओहोटीला नजर पोचेल तिथवर नुसता ओला चिखल असतो. मग लांबवर एक रेघ चमकते, आणि बघता बघता पाणी पायऱ्यांपाशी येतं. आखात दक्षिणेला रुंद, उत्तरेला चिंचोळं आणि उथळ होत जातं. आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागा नाही, म्हणून ते वर चढतं. उधाणाला ओहोटी आणि भरतीच्या पातळीत दहा मीटरहूनही जास्त फरक पडतो. भारतात एवढी भरती दुसरीकडे कुठे नाही. पुस्तकात आकृती काढून हे मुलांना समजेल, पण डोळ्यांनी पाहिलं की ती विसरणार नाहीत.

तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ तुला ऐकून माहीत आहे. भरतीला पिंड पूर्ण पाण्याखाली जाते, ओहोटीला पुन्हा मोकळी होते, दिवसातून दोनदा. तारकासुराला मारल्यावर कार्तिकेयाने ही पिंड स्थापली, असं सांगतात. ती गोष्ट मुलांना मी सांगेन, ते काम माझ्याकडे ठेव.

परतताना कावीत थांबू. तिथली दोन जैन देरासरं, म्हणजे देवळं, सासू-वहूची (सासू-सुनेची) म्हणून ओळखली जातात. सासूने बांधलेल्या देरासराचं दार ठेंगणं आहे, असं सून म्हणाली. सासूने सुनावलं, मग माहेरून पैसे आणून तू उंच बांध. आणि तिने बांधलं! सूनबाईला ते नक्की दाखवायचंय मला.

एक मात्र कडक सांगते. पाण्यात कुणी उतरायचं नाही, गुडघ्यापर्यंतसुद्धा नाही. चिखलात पाय रुततो आणि भरती वेगाने येते. मुलांचा हात सोडायचा नाही. देवळातली माणसं निघा म्हणाली की लगेच निघायचं.

दिवसही नीट निवडू. अमावास्येला आणि सोमवारी गर्दी असते, शनिवार-रविवारीही. पौर्णिमा उलटून एक-दोन दिवस झाले की उधाण जोरात असतं. आठवड्याचा मधला वार साधला तर किनारा जवळजवळ आपलाच. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाणी तितकं चढत नाही, म्हणून ते दिवस नकोत. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा आदल्या दिवशी वेळ विचारून मगच निघायचं. ओहोटी असताना पोचायचं आणि भरती पूर्ण होईपर्यंत थांबायचं. दशम्या, चटणी, पाणी घरून घेऊ.

तुझ्या सुट्टीच्या तारखा कळव. पंचांग काढून ठेवलंय, तिथी बघून मी वार पक्का करते.

तुझी,
आई