थर्माकोलपेक्षा दोलक बरा

महोदय,

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की स्टेशनरीच्या दुकानांत थर्माकोलचे ज्वालामुखी टांगलेले दिसू लागतात. दिसायला झकास, पण त्यात मोजायचे काय? नववी-दहावीच्या मुलांनी भौतिकशास्त्राचा असा प्रयोग घ्यावा, ज्याचे उत्तर आकड्यात येते आणि चुकले तर कुठे चुकले हे सापडते. साधा दोलक, म्हणजे दोऱ्याला टांगून झुलवलेला गोळा, त्यात सर्वांत स्वस्त. त्याच्या झोक्यांवरून गुरुत्वत्वरण (पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) काढता येते.

सीझन बॉलच्या शिवणीतून सुईने तंगूस ओवून घ्या. सुतळी नको, ती ताणली जाते. वरचे टोक खिळ्याला गुंडाळू नये. झोक्यासरशी दोरा खिळ्याला लपेटतो, सुटतो आणि लांबी बदलत राहते. खोडरबराला चीर देऊन दोरा त्यात घट्ट दाबून धरावा. चेंडू दहा अंशांच्या आतच बाजूला न्यावा (तीस अंशांवर दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण ये-जा झोक्याचा वेळ, पावणेदोन टक्क्यांनी वाढतो) आणि नुसता सोडावा. ढकललात तर लंबगोल फिरू लागेल. पंखा अर्थातच बंद.

स्टॉपवॉचचे बटण दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे होतातच. एक मीटरच्या दोलकाचे एक दोलन दोन सेकंदांचे, म्हणजे चूक १० टक्के. २० दोलनांच्या ४० सेकंदांत तीच अर्धा टक्का. मोजणी मात्र शून्यापासून. सोडतानाच 'एक' म्हटले की दोलने १९ होतात आणि गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी सुमारे १०.९ येते. ही चूक इतकी सर्रास होते की १०.९ च्या आसपास आकडा दिसला की वही उघडायचीही गरज नसते.

दोऱ्याची लांबी ४० पासून १२० सेंटिमीटरपर्यंत वीस-वीसने वाढवावी. लांबी आडव्या अक्षावर, दोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर. रेषेच्या चढाने (मीटरमागे साधारण ४) ३९.५ ला (म्हणजे ४π² ला) भागले की गुरुत्वत्वरण मिळते. खरी गंमत पुढे आहे. लांबी चेंडूच्या मध्यापर्यंत न मोजता नुसत्या दोऱ्याचीच मोजली, तरी रेषा सरळच येते, चढही बरोबर येतो. फक्त ती शून्यातून न जाता आडव्या अक्षाला साडेतीन सेंटिमीटर डावीकडे छेदते. तीच चेंडूची त्रिज्या! चूक स्वतःच आपले माप सांगते.

परीक्षकांनी रंगीत तक्त्याआधी कच्ची वही मागावी. तीत एकही खाडाखोड नसेल, तर २० दोलने समोर मोजायला सांगावीत. चाळीस सेकंदांचे काम आहे.

— एक भौतिकशास्त्र शिक्षक