कॉमाच्या पुढचं

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

काल सांजच्याला तुझ्या रूमवाल्या पोराचा फोन आला. कावीळ होऊन आठ दिवस झाले म्हणे. मंगळवारी तर तू मला म्हणाला होता, "बरा आहे बाबा." आईला मी अर्धंच सांगितलं, पण तिला बाकीचं कळलं असावं. रात्री ताटावरून तशीच उठली.

रागवायला लिहीत नाही. हिशेबाचं लिहायचं आहे.

दिवाळीत तू ऑक नावाची संगणकाची भाषा शिकवून गेला, वेचणीचा हिशेब आता तिच्यातच करतो. तू 'फील्ड' म्हटलं की मला वावरच दिसायचं. मग तू वहीवर उभ्या रेघा ओढल्या : मोकळी जागा आली की पुढचा रकाना. डॉलर एक नाव, दोन किलो, तीन भाव, चार पैसे. आहो, वाइनबर्गर अन् कर्निघन या बनवणाऱ्या तिघांच्या आडनावांवरून ऑक, १९७७ सालचं, हेही तेव्हाच सांगितलं. परवा गुणाकाराची चांदणी राहून गेली तर ३८ किलो अन् १० रुपये भाव यांचे ३८० ऐवजी ३८१० आले. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ऑक त्या चिकटवून टाकतो. मराठी आकडे टाइप केले तर सरळ शून्य धरतो. ते मला लगेच दिसलं.

शुक्रवारचं दिसलं नाही. बाजाराचा दिवस, पाच बाया ओट्यावर पिशव्या घेऊन बसलेल्या. पैसे मी १,२५०, १,१८०, १,०४०, ९६०, ८४० असे कॉमा देऊन लिहिले होते. बेरीज आली १,८०३. मी तेवढेच मोजायला घेतले. तुझी आई म्हणाली, "काहून? गंगाबाईचेच साडेबाराशे होतात." व्हायला पाहिजे होते ५,२७०.

रात्री एकेक ओळ तपासली. ऑक आकडा डावीकडून वाचत जातो अन् जिथं आकड्यात न बसणारं काही आलं तिथं थांबतो. १,२५० मधला १ घेतला, कॉमाच्या पुढचं सोडून दिलं. सोडलं तर सोडलं, पण एका शब्दानं सांगत नाही. चूक दाखवत नाही, अडत नाही, बेरीज छापून मोकळा.

तूही तसाच, बाळू. 'बरा आहे' एवढंच आमच्यापर्यंत येतं.

पाणी उकळूनच पीजो. मेसचं तळलेलं बंद. डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणाची जडीबुटी घेऊ नको, इथलीही नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसणं बंद कर, नोकरी कुठं पळत नाही, अन् पळाली तर पळाली, वावर आहे. हे जास्त झालं, माफ कर. तू आता मोठा आहेस.

सहावीत होता तेव्हा पायात बाभळीचा काटा मोडला होता. तीन दिवस टाचेवर चालला, पोळ्याला बैलही धरला. मी सुईनं काढला तेव्हा पू आला होता, अन् तू माझ्या खांद्यावर दात रोवून गप्प बसला. तेव्हा मी लोकांना कौतुकानं सांगत फिरलो, पोरगं रडत नाही म्हणून. ते सांगायला नको होतं.

आता गावातले चार जण हिशेब घेऊन माझ्याकडे येतात. पोरानं शिकवलं म्हणतो अन् छाती भरून येते. कॉमा काढायची, जीसब म्हणतात त्या आज्ञेची ओळ वर घातली, बेरीज जुळली. बायांचे पैसे पूर्ण दिले.

शनिवारच्या ट्रॅव्हल्सनं आम्ही दोघं निघतो. नको म्हणू नको. त्याआधी बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, किती आलं ते पाठवजो. १.२ च्या आत पाहिजे, असं दवाखान्यातल्या ताईनं सांगितलं. पूर्ण आकडा लिही, टिंबाच्या पुढचाही. मराठीत टाकला तरी चालेल, मी वाचतो.

तुझा,
बाबा