पंपाला हात लावण्यापूर्वी

नागपूर, १२ मे

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची बोच आहे. आईचा गुडघा बरा आहे, माझा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. वहिनींच्या बढतीचे कळले, फार आनंद झाला. पण आज लिहितो आहे ते आपल्या लहान ट्रॅक्टरसाठी. त्याचे दुखणे तुझ्याखेरीज कोणाला सांगावे हे मला सुचत नाही.

काटोलच्या संत्र्याच्या बागेत मृग बहरासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, झाडे ताणावर सोडली आहेत, पाणी तोडले आहे आणि पाऊस येण्यापूर्वी ओळींमधली मशागत उरकायची आहे. मोठा ट्रॅक्टर फांद्या मोडतो, म्हणून सारी भिस्त यावरच. सकाळी तो लगेच सुरू होतो, वीस-पंचवीस मिनिटे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर नीट ओढतो, मग इंजिनाचा आवाज खालीवर होऊ लागतो, ताकद जाते आणि ते बंद पडते. दहा मिनिटांनी मात्र गरम असतानाच पहिल्या सेल्फला पुन्हा सुरू होते. धूर काळा नाही, म्हणजे हवा कमी पडत नसावी. निळा नाही, म्हणजे ऑइल जळत नाही. पाण्याचा काटाही मध्यावरच असतो. उलट बंद पडण्याआधी धूर जवळजवळ नाहीसा होतो. यावरून मला एवढेच दिसते की इंजिनापर्यंत डिझेल पोहोचत नाही.

डिझेल फिल्टर बदलला. खालच्या वाटीत चमचाभर पाणी निघाले. एअर फिल्टरमधले ऑइल चिखलासारखे झाले होते, तेही बदलले. नळ्यांच्या जोडांवर तांब्याचे नवे वायसर घातले आणि हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत नळ्यांत अडकलेली एअर काढली. (नट सैल करताना डिझेलची धार उडाली आणि मला तुझा तो पांढरा सदरा आठवला, त्या दिवशी लग्नाच्या पंगतीत आपल्या शेजारी कोणी बसले नव्हते!) एवढे करून एक दिवस अर्धा तास चालला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दोन मेकॅनिक पाहून गेले. दोघेही म्हणतात की इंजिनात डिझेल दाबाने सोडणारा मुख्य पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवून घ्यायला, पाठवा. विनायक, २०११ साली याच प्रश्नावर आपण चार महिने बोललो नव्हतो. तू म्हणत होतास, "पंप शेवटी". मी हट्टाने तो उघडला आणि दोष निघाला एका पिचलेल्या नळीत. तेव्हा मी चूक कबूल केली नाही, ती आज करतो. या वेळी पंपाला हात लावलेला नाही. पंप झिजला असता तर गरम, पातळ झालेले डिझेल आत गळून गरम इंजिन सुरू व्हायला त्रास झाला असता, असे मला वाटते. हे तुला पटते का?

माझा संशय टाकीवर आहे. काल इंजिन बंद पडताच झाकण फिरवले तेव्हा हवा आत ओढल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला, गड्याला आला नाही. झाकणाचे छिद्र तारेने मोकळे केले, तरी आज चाळीस मिनिटांनी बंद पडलाच. टाकीच्या तळाशी गंजाचे पोपडे असतील, तर डिझेल ओढले जाताना ते नळीच्या तोंडाशी जमत असतील आणि इंजिन थांबले की खाली बसत असतील.

म्हणून उद्या पाच लिटरचा डबा बॉनेटच्या वर उंच बांधून पारदर्शक नळीने थेट फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, जोडणार आहे. परतीची नळी टाकीतच राहील. तासभर काम करून इंजिन चालले, तर टाकी उतरवून धुवायची. नाही चालले, तर मुख्य पंप पाठवायचा, पण तुझी संमती घेऊनच.

ऊन चढण्यापूर्वी, सहाला सुरू करीन. तेव्हा फोन जवळ ठेव. आवाज खालीवर होऊ लागला की मी फोन इंजिनाजवळ धरीन. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे.

तुझा,
अरविंद